टेस्ट डेटाबेस भरायचा आहे: ऑटोमेशन टूलने फॉर्म भरू की थेट टेबलात डेटा ओतू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्राहक, ऑर्डर, ऑर्डरमधल्या वस्तू आणि पेमेंट अशी चार टेबलं आहेत. चाचणीसाठी एक लाख ग्राहक आणि दहा लाख ऑर्डर हव्यात. स्क्रीनवरचे फॉर्म आपोआप भरणारं ऑटोमेशन सॉफ्टवेअर हाताशी आहेच. त्यालाच रँडम नावं, तारखा आणि रकमा भरायला लावल्या तर चालेल का, की दुसरा मार्ग धरावा?

आधी साधा हिशेब करू. फॉर्म उघडणं, भरणं, सेव्ह करणं आणि पुढच्या फॉर्मवर जाणं, या सगळ्याला पाच सेकंद धरले तरी दहा लाख ऑर्डरना पन्नास लाख सेकंद लागतात. म्हणजे दिवसरात्र न थांबता सुमारे ५८ दिवस. दहा मशीन एकदम जुंपल्या तरी जवळजवळ सहा दिवस, आणि तेही मध्ये कुठे सेशन संपलं नाही, पॉपअप आडवा आला नाही, एखादं बटण जागचं हललं नाही तर. शिवाय असा डेटा एकदा तयार करून भागत नाही. टेबलात एक कॉलम वाढला की तो पुन्हा करावा लागतो.

तरीही स्क्रीन ऑटोमेशन मी बाद करणार नाही. फॉर्ममधून गेलेली नोंद स्क्रीनवरचं व्हॅलिडेशन, सर्व्हरवरचे नियम, ऑडिट टेबल, ईमेलची रांग या सगळ्यांतून जाते. थेट टेबलात घातलेली नोंद या साऱ्याला वळसा घालते (ट्रिगर, म्हणजे नोंद शिरताच डेटाबेस आपोआप चालवतो ते नियम, तेवढे चालतात, तेही आपण बंद केले नाहीत तर). म्हणून मी काम तीन थरांत वाटतो. मोठा ढीग थेट डेटाबेसमध्ये. काहीशे नोंदी एपीआयमधून, म्हणजे स्क्रीन वगळून थेट सर्व्हरला विनंती पाठवून. त्यासाठी जेमीटरसारखं टूल किंवा छोटी स्क्रिप्ट पुरते. आणि स्क्रीनवरून फक्त काही डझन, जिथे फॉर्मचीच परीक्षा घ्यायची आहे. सेलेनियम, प्लेराइट किंवा रेकॉर्ड करून चालवायचं कोणतंही टूल घ्या, पथ्य एकच: रँडम किंमत (म्हणजे कॉलममध्ये जाणारी व्हॅल्यू) टूलच्या आत, फॉर्म भरता भरता तयार करू नका. आधी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामाने वेगळ्या केलेल्या किमतींची साधी फाइल) तयार करा आणि टूलला ती ओळीने वाचायला द्या. चाचणी ३७व्या ओळीवर पडली तर ३७वी ओळ समोर असते. टूलने जागच्या जागी तयार केलेली किंमत फॉर्मबरोबरच विरून जाते आणि मग बग सापडूनही पुन्हा दाखवता येत नाही.

टूल कोणतं यापेक्षा मोठा प्रश्न तुमच्या मजकुरात आलेला नाही. तो डेटा दिसायला कसा हवा? माझ्या मते नव्वद टक्के काम तिथेच आहे, म्हणून या उत्तराचा बराचसा भाग त्यावर खर्च करतो.

आधी आकार, मग रँडम

समजा दहा लाख ऑर्डर एक लाख ग्राहकांत समान शक्यतेने वाटल्या. प्रत्येकाला सरासरी दहा. आता पसारा पाहा. एकही ऑर्डर नसलेले ग्राहक लाखात चार-पाच निघतील आणि पंचवीसपेक्षा जास्त ऑर्डर असलेला एखाद-दुसराच. असा व्यवसाय जगात कुठे नसतो. खऱ्या डेटात खातं उघडून परत न आलेले हजारो असतात आणि मूठभर ग्राहक अफाट ऑर्डर करतात. ‘माझ्या ऑर्डर’ या पानावर सगळ्या ऑर्डर एकदम आणणारी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) दहा ऑर्डरच्या ग्राहकावर सुरेख चालेल, चाचणी हिरवी होईल आणि प्रॉडक्शनमध्ये (खऱ्या ग्राहकांच्या सर्व्हरवर) पहिल्याच मोठ्या ग्राहकावर ते पान बसेल.

म्हणून वाटप विषम ठेवा. सुरुवात करायला झिफ वितरण चांगलं: पहिल्या क्रमांकाच्या ग्राहकाला दुसऱ्याच्या दुप्पट, तिसऱ्याच्या तिप्पट, याप्रमाणे. एक लाख ग्राहक आणि दहा लाख ऑर्डर यांना हे लावलं तर पहिल्याच्या वाट्याला सुमारे ८३ हजार ऑर्डर येतात, दुसऱ्याच्या साधारण ४१ हजार, आणि जवळपास १९ हजार ग्राहक बिनऑर्डरचे राहतात. हे टोक तुमच्या धंद्याला जास्त वाटलं तर घातांक (क्रमांकाचा घात, वर तो १ धरला आहे) कमी करा. पोस्टग्रेस डेटाबेसच्या पीजीबेंच या वेग मोजणाऱ्या टूलमध्ये झिफचं फंक्शन आवृत्ती ११ पासून आहे, पण त्याला आणि पायथनच्या नमपाय या गणिती लायब्ररीतल्या फंक्शनलाही १ पेक्षा मोठाच घातांक लागतो, आणि नमपायच्या फंक्शनला वरची मर्यादाही नाही. मी स्वतः वजनांची यादी तयार करतो, तिची चढती बेरीज करतो आणि तीवरून निवड करतो. पाच ओळींचं काम आहे आणि घातांक आपल्या हातात राहतो.

स्टेटस कॉलमचं तेच. ‘नवी’, ‘पाठवली’, ‘पोहोचली’, ‘रद्द’ अशा चार किमती समान शक्यतेने टाकल्या की प्रत्येकीला २५ टक्के. खऱ्या टेबलात जुन्या ऑर्डर बहुतेक सगळ्या ‘पोहोचली’ असतात आणि ‘नवी’ टक्काभरसुद्धा नसतात. हा फरक क्वेरी प्लॅनरला, म्हणजे क्वेरी कोणत्या वाटेने चालवायची ते ठरवणाऱ्या डेटाबेसच्या भागाला, लगेच दिसतो. पाव टेबल उचलायचं असेल तर इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधयादी) वापरण्यापेक्षा सगळं टेबल वाचणं त्याला अनेकदा स्वस्त वाटतं. टक्क्याहून कमी ओळी हव्या असतील तर तो इंडेक्सकडे वळतो. म्हणजे समान वाटपाच्या डेटावर तुम्ही जो प्लॅन तपासलात तो प्रॉडक्शनमध्ये कधी चालणारच नाही, आणि जो चालेल तो तुम्ही पाहिलेलाच नाही. कामगिरीची चाचणी म्हणून केलेले कष्ट इथे वाया जातात, हे मला फार खटकतं, कारण आकडे मात्र छान छापून येतात.

रिकाम्या किमतींचं प्रमाणही ठरवून घाला. दुसरा फोन नंबर दहात एकाचा असेल तर नऊ नल (किंमतच नाही अशी खूण) ठेवा. सगळे कॉलम भरलेला डेटा ही चुकीची खूण समजा.

आता कॉलमांचं आपसातलं नातं. ऑर्डरची तारीख, पाठवल्याची तारीख, पोहोचल्याची तारीख या तिन्ही वेगवेगळ्या रँडम काढल्या तर माल ऑर्डरच्या आधी पोहोचतो. तीन तारखांचा सहापैकी एकच क्रम बरोबर असतो, म्हणजे सहातल्या पाच ओळी खोट्या. उपाय असा की कॉलम भरण्याआधी त्या ऑर्डरचं काय झालं ते ठरवा: ती पोहोचली, वाटेत आहे, की पाठवण्याआधी रद्द झाली. मग ऑर्डरची वेळ घ्या, तीत पाठवायला लागलेले तास मिळवा, त्यात प्रवासाचे दिवस मिळवा. रद्द झालेल्या ऑर्डरला पोहोचल्याची तारीख मिळणारच नाही. रकमेचंही असंच: आधी वस्तू आणि त्यांची संख्या, त्यावरून बेरीज, त्यावरून पेमेंट. एकूण रक्कम वेगळी रँडम काढून वस्तू तिच्यात बसवायला गेलात तर हिशेब कधीच जुळत नाही आणि पैशांचे अहवाल तपासायला तो डेटा निरुपयोगी होतो.

शहर आणि पोस्टल कोड यांच्यासारख्या जोडीत आणखी एक बारकावा आहे. पोस्टग्रेसचा प्लॅनर दोन कॉलम एकमेकांशी संबंध नसलेले धरून अंदाज बांधतो. खरं नातं असेल तर तो ओळींचा अंदाज फार कमी धरतो. यासाठीच आवृत्ती १० मध्ये एकापेक्षा जास्त कॉलमांची एकत्रित आकडेवारी ठेवण्याची सोय आली. तुमच्या टेस्ट डेटात नातंच नसेल तर प्लॅनरचा चुकीचा अंदाज तिथे बरोबर ठरतो आणि ही अडचण तुमच्या नजरेला पडतच नाही.

आणि एक गोष्ट, जी जवळजवळ सगळे विसरतात: डिस्कवरचा क्रम. खऱ्या टेबलात ऑर्डर क्रमांक वाढतो तशी तारीखही वाढते, म्हणून जवळच्या तारखांच्या ओळी डिस्कच्या जवळजवळच्या पानांवर (साठवणीच्या ठोकळ्यांवर) असतात. क्रमांक एकापासून चढत ठेवले आणि तारखा रँडम टाकल्या तर एका महिन्याच्या ऑर्डर सगळ्या टेबलभर विखुरतात. ‘गेल्या महिन्याचा अहवाल’ ही क्वेरी टेस्टमध्ये अकारण हळू वाटते. ब्रिन इंडेक्सचा (पानांच्या प्रत्येक गटाची फक्त लहानात लहान आणि मोठ्यात मोठी किंमत ठेवणारा इंडेक्स) तर सगळा आधारच हा क्रम. विखुरलेल्या डेटावर तो निकामी दिसेल आणि तुम्ही चांगली कल्पना टाकून द्याल. म्हणून आधी दहा लाख वेळा काढा, चढत्या क्रमाने लावा आणि मग क्रमांक द्या. पोस्टग्रेसच्या आकडेवारीच्या व्ह्यूमध्ये ‘कोरिलेशन’ नावाचा कॉलम आहे, किमतींचा क्रम डिस्कवरच्या क्रमाशी किती जुळतो ते सांगणारा. टेस्ट आणि प्रॉडक्शन या दोन्ही डेटाबेसांत तो आकडा शेजारी ठेवून पाहिला की लगेच कळतं.

डेटाबेसच्या आत रँडम काढताना

दहा लाख ओळी तयार करायला बाहेरचं टूल लागतंच असं नाही. पोस्टग्रेसमध्ये जनरेट सिरीज आणि रँडम ही दोन फंक्शनं जोडली की एका क्वेरीत टेबल भरतं. पण दोन सापळे ठाऊक हवेत.

पहिला: प्रत्येक ऑर्डरला रँडम ग्राहक द्यायचा म्हणून सिलेक्टच्या यादीत एक सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) लिहितात, ‘ग्राहकांना रँडम क्रमाने लाव आणि पहिला घे’. त्या सबक्वेरीचा बाहेरच्या ओळीशी काहीच संबंध नसल्याने पोस्टग्रेस ती एकदाच चालवतो. दहाच्या दहा लाख ऑर्डर एकाच ग्राहकाच्या नावावर जातात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये साध्या रँड फंक्शनचीही हीच गत आहे: एका क्वेरीत त्याची किंमत एकदाच निघते आणि सगळ्या ओळींना तीच मिळते. तिथे लोक प्रत्येक ओळीला नवा आयडी काढून त्याच्या चेकसमवरून (त्या आयडीपासून हिशेबाने निघणाऱ्या संख्येवरून) आकडा तयार करतात. मायएसक्यूएलमध्ये रँड प्रत्येक ओळीला नव्याने चालतं.

दुसरा सापळा वेगाचा. ती सबक्वेरी बाहेरच्या ओळीला बांधून दर ओळीला चालायला लावली, तर एक लाख ग्राहक दहा लाख वेळा क्रमाने लावले जातील. त्यापेक्षा ग्राहकांना एक ते एक लाख असे सलग क्रमांक देणारं तात्पुरतं टेबल करा, प्रत्येक ऑर्डरसाठी एक आकडा काढा आणि जॉइन करा. विषम वाटप हवं असेल तर तो आकडा झिफच्या वजनांवरून काढा.

एकमेव किमतींच्या बाबतीत रँडमवर विसंबू नका. सहा अंकी कूपन कोड घ्या: शक्य किमती दहा लाख. वाटतं, हजारभर ओळींना काय होतंय. पण साधारण १,२०० ओळींतच कुठले तरी दोन कोड सारखे निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. खोलीत २३ माणसं असली की दोघांचा वाढदिवस एक निघण्याची शक्यता निम्म्यावर जाते, तेच हे गणित. ‘आधी आलाय का बघ आणि आला असेल तर दुसरा काढ’ ही पद्धत सुरुवातीला चालते आणि किमती संपत आल्या की रांगायला लागते. मी ओळीचा क्रमांक ६,१८,०३३ ने गुणतो आणि दहा लाखांनी भागून बाकी घेतो. या संख्येला दोनाने किंवा पाचाने भाग जात नाही, म्हणजे दहा लाखांशी तिचा सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पहिल्या दहा लाख ओळींत एकही कोड दोनदा येत नाही आणि कोड दिसायला विस्कटलेलेच दिसतात. सुरक्षिततेसाठी याचा उपयोग शून्य आहे, टेस्ट डेटासाठी उत्तम.

सीड नोंदवल्याशिवाय एकही ओळ तयार करू नका

संगणकातले रँडम आकडे एका सुरुवातीच्या संख्येवरून, म्हणजे सीडवरून, ठरलेल्या गणिताने निघतात. पायथनमध्ये हे काम मर्सेन ट्विस्टर करतो आणि त्याचा क्रम २^१९९३७ − १ आकड्यांनंतरच पुन्हा सुरू होतो. सीड तोच दिला की आकडे तेच. सीड, टूलची आवृत्ती आणि स्क्रिप्टची आवृत्ती या तीन गोष्टी चाचणीच्या लॉगमध्ये पहिल्या ओळीत छापा. खोटी नावं-पत्ते तयार करणाऱ्या फेकर लायब्ररीचे लेखक स्वतः सांगतात की सीडवर अवलंबून असाल तर आवृत्ती शेवटच्या अंकापर्यंत पक्की करा, कारण नावांची यादी थोडी वाढली तरी निकाल बदलतो. आवृत्ती पक्की करण्याचं दुसरंही कारण आहे. जानेवारी २०२२ मध्ये फेकरच्या जावास्क्रिप्ट अवताराच्या देखभालकर्त्याने स्वतःच ती लायब्ररी काढून टाकली. नंतर इतर विकासकांनी एकत्र येऊन ती नव्या नावाने सांभाळली. ज्यांनी ‘जी नवी असेल ती घे’ असं लिहून ठेवलं होतं त्यांची बिल्ड त्या दिवशी अडली.

सीड दिला तरी दोन वाटांनी डेटा निसटतो. एक, ‘आजपासून मागची तीन वर्षं’ अशा तारखा. आज बदलला की डेटा बदलला. स्क्रिप्टमध्ये एक आधाराची तारीख ठरवून ठेवा आणि सगळं तिच्यावरून मोजा. दोन, समांतर काम. चार प्रोसेस एकाच सीडने सुरू केल्या तर चौघी एकच डेटा काढतात. एकाच जनरेटरमधून आळीपाळीने आकडे घेतले तर कोण आधी पोहोचली यावर निकाल ठरतो.

यावर मला सर्वांत टिकाऊ वाटलेला उपाय असा. एका लांबलचक रँडम क्रमावर विसंबायचंच नाही. सीड, टेबलाचं नाव, कॉलमचं नाव आणि ओळीचा क्रमांक हे चार एकत्र जोडून त्यांचा हॅश (एकाच मजकुराला नेहमी एकच येणारा, हिशेबाने काढलेला आकडा) काढायचा आणि त्या हॅशवरून किंमत ठरवायची. मग ७,४३,२१२व्या ऑर्डरची रक्कम काढायला आधीच्या ऑर्डर लागत नाहीत, कितीही प्रोसेस लावल्या तरी निकाल तोच येतो आणि मधे नवा कॉलम घातला तरी बाकीचे कॉलम जसेच्या तसे राहतात. एका क्रमावर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक कॉलम वाढवला की पुढचं सगळं एक घर सरकतं आणि शंभर चाचण्या उगाच लाल होतात. पायथनमध्ये यासाठी अंगभूत हॅश फंक्शन वापरू नका, आवृत्ती ३.३ पासून मजकुरासाठी ते प्रोग्राम नव्याने सुरू केला की प्रत्येक वेळी वेगळं उत्तर देतं. हॅशलिबमधलं घ्या.

खरी माणसं टेस्ट डेटात नकोत

‘प्रॉडक्शनची कॉपी घेऊ आणि नावं बदलू’ असा सल्ला तुम्हाला मिळेलच. तो मानू नका. नावं काढली तरी माणूस ओळखू येतो. लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं की अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांना पोस्टल कोड, पूर्ण जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून एकमेव ओळखता येऊ शकतं. टेस्ट सर्व्हरचा पासवर्ड निम्म्या टीमला माहीत असतो, बॅकअप कुठेही पडलेले असतात. तिथे कुणाची जन्मतारीख ठेवण्याचा आपल्याला हक्क नाही.

प्रॉडक्शनमधून माणसं घ्यायची नाहीत, आकडे घ्यायचे: किती टक्के नल, किती वेगळ्या किमती, स्टेटसचं प्रमाण, एका ऑर्डरमध्ये वस्तू किती. पोस्टग्रेस ही आकडेवारी आधीच जमवून ठेवतो. पण ती आहे तशी उचलू नका. सर्वाधिक आढळणाऱ्या किमतींच्या यादीत आणि हिस्टोग्रामच्या (किमतींच्या पट्ट्यांच्या) सीमांमध्ये खऱ्या किमती असतात. ईमेलच्या कॉलमचा हिस्टोग्राम म्हणजे खऱ्या ईमेलची यादीच. प्रमाण घ्या, किमती मागे ठेवा.

ईमेल पत्ते आपल्या मनाने रचू नका, तो डोमेन कुणाचा तरी निघतो आणि टेस्टमधली पत्रं खऱ्या माणसाकडे जातात. १९९९ च्या आरएफसी २६०६ या इंटरनेटच्या नियमपत्राने ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ आणि त्याच्या ‘डॉट नेट’, ‘डॉट ऑर्ग’ या भावंडांना, तसंच ‘डॉट टेस्ट’ आणि ‘डॉट इनव्हॅलिड’ या शेपटांना यासाठीच राखून ठेवलं आहे. आयपी पत्त्यांमध्येही १९२.०.२, १९८.५१.१०० आणि २०३.०.११३ ने सुरू होणारे तीन गट उदाहरणांसाठी राखीव आहेत. कार्ड नंबरच्या बाबतीत पेमेंट गेटवे स्वतः जे चाचणीचे नंबर देतो तेच वापरा. आयबीएममधल्या हान्स पीटर लुहन यांचं तपासणी-अंकाचं सूत्र सोपं आहे आणि त्यात बसणारा नंबर कुणीही दोन ओळींत काढू शकतो. म्हणूनच तसा काढू नका, तो कुणाच्या तरी पाकिटातला असू शकतो.

हाताने लिहिलेल्या वाकड्या ओळी

रँडम डेटा मधल्या पट्ट्यात रमतो. बग काठावर राहतात. म्हणून जनरेटरच्या जोडीला मी पन्नास-साठ ओळींची एक फाइल हाताने लिहून ठेवतो आणि ती प्रत्येक वेळी आधी भरतो. शून्य रक्कम. कॉलमला मावेल तेवढी सर्वांत मोठी रक्कम. २९ फेब्रुवारी, ३१ डिसेंबरची मध्यरात्र, घड्याळ मागे जातं तेव्हा दोनदा येणारा तास. १९ जानेवारी २०३८, ज्याच्या पलीकडे मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प जात नाही. रिकामा मजकूर आणि नल, दोन्ही. ओरॅकल रिकाम्या मजकुराला नलच समजतो, मग डेटाबेस बदलला की चाचणी वेगळं बोलते. नावात उद्गारचिन्ह, अवतरणचिन्ह, पुढेमागे रिकाम्या जागा.

देवनागरी मजकुराला तर या फाइलमध्ये मोठी जागा द्या, कारण बहुतेक टूल मुळात रोमन अक्षरं धरून बनलेली असतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि मात्रा, अनुस्वार, हलंत ही सगळी वेगळी चिन्हं आहेत. ओरॅकलमध्ये लांबी बाइटमध्ये मोजली जात असेल तर वीस लांबीच्या कॉलमात जेमतेम सहा चिन्हं बसतात. इमोजीला चार बाइट लागतात आणि मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’ मध्ये त्यांना जागाच नाही. त्यासाठी ‘यूटीएफ८एमबी४’ हवं. आणि ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाला हलंत लावून, एकदा साध्या ‘र’ नंतर हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे, डेटाबेसला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. एकाच आडनावाचे दोन ग्राहक अशा दोन प्रकारे भरा आणि शोध चालवून पाहा. ज्यांचा शोध दोघांनाही आणतो अशी ॲप्लिकेशनं मी फार कमी पाहिली आहेत.

फंक्शनच्या पातळीवरच्या चाचण्यांसाठी, जिथे डेटाबेस मध्ये नाहीच, पायथनची हायपोथेसिस लायब्ररी पाहा. ती क्विकचेकच्या वंशातली, जी कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी हास्केलसाठी लिहिली. हायपोथेसिसचा मोठा गुण असा की चाचणी पाडणारी लांबलचक किंमत सापडली की ती स्वतःच तिला छाटत छाटत सर्वांत लहान उदाहरणापर्यंत आणते.

भरताना आणि भरल्यावर

एकेक इन्सर्ट करू नका. पोस्टग्रेसमध्ये कॉपी वापरा, इतरत्र जी ठोक भरण्याची सोय असेल ती. जास्तीचे इंडेक्स भरून झाल्यावर बांधा. फॉरेन की (ऑर्डरचा ग्राहक खरोखर टेबलात आहे ना ते तपासणारे नियम) तात्पुरत्या बंद केल्या तर परत सुरू करताना सावध राहा: मायएसक्यूएलमध्ये तपासणी पुन्हा सुरू केली तरी आधी शिरलेल्या ओळी तो तपासत नाही, आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘विथ चेक’ असं स्पष्ट लिहिल्याशिवाय जुन्या ओळी न तपासताच कन्स्ट्रेंट चालू होतो. अनाथ, म्हणजे ग्राहकच नसलेल्या, ऑर्डर तशाच आत राहतात. पोस्टग्रेसमध्ये मी फॉरेन की काढून टाकतो आणि भरल्यावर नव्याने जोडतो. जोडताना तो सगळं टेबल तपासतो.

क्रमांक आपण स्वतः दिले असतील तर सीक्वेन्सला (पुढचा क्रमांक देणाऱ्या डेटाबेसमधल्या मोजणीला) त्याची खबर नसते. तो अजून एकवरच बसलेला असतो आणि ॲप्लिकेशनची पहिलीच नवी ऑर्डर ‘हा क्रमांक आधीच आहे’ म्हणून पडते. भरून झालं की सीक्वेन्स सर्वांत मोठ्या क्रमांकावर नेऊन ठेवा. मग ॲनालाइझ, म्हणजे आकडेवारी नव्याने जमवणारी आज्ञा, चालवा, नाहीतर प्लॅनर रिकाम्या टेबलाच्या आकडेवारीवर निर्णय घेत राहतो.

यानंतर डेटाचीच परीक्षा घ्या. अनाथ ओळी शून्य आहेत का, पोहोचण्याची तारीख ऑर्डरच्या आधीची एकही नाही ना, वस्तूंची बेरीज एकूण रकमेशी जुळते का, स्टेटसचं प्रमाण ठरवल्याप्रमाणे आहे का, सर्वांत मोठ्या ग्राहकाच्या ऑर्डर किती. आठ-दहा क्वेरी होतात. त्यांतली एक जरी चुकली तरी पुढच्या चाचण्या चालवूच नयेत असं ऑटोमेशनमध्ये लिहून ठेवा.

रोजच्या चाचण्यांसाठी दहा लाख ओळी दरवेळी नव्याने काढायची गरज नाही. स्क्रिप्ट बदलली की रात्री एकदा पूर्ण डेटाबेस तयार करा आणि तो साचा म्हणून ठेवा. पोस्टग्रेसमध्ये टेम्प्लेट देऊन नवा डेटाबेस काढणं म्हणजे फाइलींची नक्कल, पुन्हा भरण्यापेक्षा कितीतरी लवकर होतं. फक्त त्या वेळी साच्याला कुणी जोडलेलं असता कामा नये. विकासकांच्या मशीनवर त्याच स्क्रिप्टने, त्याच सीडने, पण हजार ग्राहकांचा लहान डेटाबेस द्या. वर सांगितलेली हॅशची पद्धत वापरली असेल तर ग्राहकांच्या टेबलातले हे हजारजण मोठ्या डेटाबेसमधल्या पहिल्या हजारांशी कॉलमन् कॉलम जुळतात. मग मोठ्या चाचणीत ६१२व्या ग्राहकाच्या नावावर किंवा पत्त्यावर काही अडलं तर तोच ६१२वा ग्राहक विकासकाच्या मशीनवरही हजर असतो.